दिवाळीचें आतिथ्य आणि शेवटची पंगत

दिवाळी हा आपल्याकडे दिव्यांइतकाच फराळाचा सण आहे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतच्या दिवसांत ज्या घरीं कोणी आलें गेलें नाहीं, त्या घरीं दिवाळी झालीच नाहीं अशी आपली समजूत असते, व ती रास्तही आहे. लाडू, करंज्या, चकल्या, चिवडा, शंकरपाळे, चिरोटे, अनारसे यांनीं भरलेलें ताट पाहुण्यापुढें ठेवतांना गृहस्थाला जें समाधान वाटतें त्याचा संबंध केवळ जिभेशीं नसतो. आपलें घर भरलेलें आहे व त्या भरलेपणांत दुसऱ्याचाही वांटा आहे, हें सांगण्याची ती एक रीति आहे. परंतु या रीतीची किंमत घरांत कोण देतें, हा प्रश्न फराळाच्या ताटाभोंवतीं बसलेली मंडळी क्वचितच विचारतात. तोच आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्याच्या येण्याला तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, ही व्युत्पत्ति सर्वश्रुत आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत अध्ययन संपवून घरीं निघालेल्या शिष्याला आचार्य उपदेश करतात. त्यांत माता, पिता व आचार्य यांच्या पाठोपाठ अतिथीलाही देव मानण्यास सांगितलें आहे. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत अतिथिपूजन हाच नृयज्ञ होय. हें सर्व आपण लहानपणापासून ऐकत आलों. याच परंपरेंतील दुसरी एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाहीं.

मनुस्मृतींतील पुष्कळ वचनें आज त्याज्य ठरलीं आहेत, व तें योग्यच झालें. परंतु परंपरेच्या नांवाखालीं जे घरच्या स्त्रियांना ताटकळत ठेवतात, त्यांनीं तिच्या तिसऱ्या अध्यायांत दिलेला भोजनाचा क्रम अवश्य पाहावा. नवविवाहित सुना-लेकी, कुमारिका, आजारी माणसें व गर्भिणी स्त्रिया यांना अतिथीच्याही आधीं, मनांत कसलीही शंका न आणतां, जेवूं घालावें असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. मग पाहुणे, आप्त व घरचे नोकरचाकर जेवल्यावर उरलेलें अन्न कोणीं खावें? याचें उत्तर 'दंपतीनें' असें आहे. आमचें आयुष्य मुलांकडून रूपें घोकून घेण्यांत गेल्यामुळें आमची दृष्टि प्रथम क्रियापदाकडे जाते. आणि त्या श्लोकांतील क्रियापद द्विवचनी आहे! यजमानानें पहिल्या पंगतीस पाटावर बसावें आणि यजमानिणीनें तिसऱ्या प्रहरीं एकटीनें पातेलें निपटून खावें, हें त्या द्विवचनांत कसें बसावें? दोघांनींही मागें थांबावें व दोघांनीं बरोबर जेवावें, असा तो क्रम आहे.

आतां फराळाच्या कामाचें स्वरूप पाहूं. अनारशाचेंच उदाहरण घ्या. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, मग निथळून सावलींत पसरावयाचे आणि ओलसर असतांनाच त्यांची बारीक पिठी करावयाची. तींत जवळजवळ समभार गूळ मिसळून गोळे चारपांच दिवस मुरूं द्यावयाचे. या भिजण्यामुरण्यांत पीठ किंचित् आंबतें, आणि म्हणूनच खसखशीवर थापलेला अनारसा तुपांत पडतांच त्याला जाळी सुटते. तो उलटावयाचा नाहीं. मंद आंचेवर झाऱ्यानें वरून तूप उडवीत तळावयाचा. पीठ बिघडलें तर अनारसा तुपांत फुटून पसरतो. तो 'हसला' असें बायका म्हणतात, परंतु त्या वेळीं त्यांना स्वतःला हसूं येत नसतें. चकलीच्या भाजणीस साधारणतः चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरबऱ्याची डाळ व एक वाटी उडदाची डाळ घेतात. प्रत्येक धान्य निरनिराळें भाजावें लागतें. मोहन अधिक झालें तर चकली तेलांत विरते, कमी झालें तर दगडासारखी होते. शिवाय रोजचा दोन वेळचा स्वयंपाक, झाडलोट आणि नरकचतुर्दशीच्या पहाटेच्या अभ्यंगस्नानाची तयारी आहेच. परिणामीं लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं घरची लक्ष्मी कंबर धरून बसलेली असते, आणि बैठकींत तिच्या करंजीची तारीफ चाललेली असते.

यावर फराळच बंद करावा असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. काम वांटून घ्यावें, हाच खरा उपाय. बेसन भाजण्यास दंडांत जोर लागतो, सोऱ्या दाबण्यासही लागतो. हीं कामें घरांतील तरुण मुलांचीं. शंकरपाळे कातण्यानें कापण्याची मुलांना हौसच असते. वेलदोडे सोलणें, पोहे चाळणें हें बसल्या जागीं आजोबांना करतां येण्यासारखें आहे. 'आम्हांला त्यांतलें कळत नाहीं' ही सबब आतां टिकत नाहीं. कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' १९७० सालीं निघालें. त्यांत वाटी-चमच्याचीं मापें दिलेलीं असल्यामुळें ज्याला वाचतां येतें त्याला मापून घेतां येतें. हात बसण्यास दोन वर्षें लागतील, तीं लागूं द्यावीं.

दुसरें, पदार्थ टिकण्याच्या क्रमानें करावे. अनारशाचें पीठ व भाजणी सर्वांच्या आधीं. मग शंकरपाळे, चकल्या, बेसनाचे लाडू, जे हवाबंद डब्यांत दोन आठवडे सहज राहतात. ओल्या नारळाच्या करंज्या व नारळ घातलेले रव्याचे लाडू अगदीं शेवटीं, कारण ते लवकर खराब होतात. दहा प्रकार अर्धवट होण्यापेक्षां चार नीट झालेले बरे. उरलेले विकत आणण्यांत कमीपणा मानूं नये. असा फराळ करून कित्येक स्त्रिया आपला संसार चालवितात, आणि तो परदेशीं असलेल्या लेकीसुनांपर्यंतही पोंचतो. मात्र विकतची चकली 'घरचीच' म्हणून पुढें करूं नये. तेवढें सत्य सणासुदीलाही पाळावें.

तिसरें, आग्रह. मधुमेह असलेल्या पाहुण्याला 'एका लाडवानें काय होतें?' असें म्हणणें हें प्रेम नव्हे. ताट लहान असावें, हवें तें पुन्हां वाढावें, नको म्हटलेलें एकदांच ऐकावें.

चौथें, ज्यांच्यावांचून सण उभा राहत नाहीं त्यांची आठवण. भांडीं घासण्यास येणाऱ्या बाईंना फराळ द्यावयाचा तो त्याच डब्यांतला, आणि दिवाळीच्या दिवशींच द्यावा. तुळशीच्या लग्नानंतर उरलासुरला देऊं नये. घरांतील विधवा आत्या किंवा काकू चुलीपुढें सर्वांच्या आधीं आणि ओवाळण्याच्या वेळीं सर्वांच्या मागें, हें दृश्य कांहीं घरांत अद्यापि दिसतें. जिच्या हातचा अनारसा देवाला चालतो, तिच्या हातचें निरांजन भावाला कां चालूं नये?

कार्तिक शुद्ध प्रतिपदेचा पाडवा हा पतिपत्नीचा दिवस. त्या दिवशीं पत्नी पतीला ओवाळते व तो तबकांत ओवाळणी घालतो. साडी किंवा दागिना ऐपतीप्रमाणें घालावाच. पण त्या दिवशीं पाहुणे उठल्यावर यजमानानें स्वतः दोन पाट मांडावे, दोन ताटें घ्यावीं, तिला हाताला धरून बसवावें, प्रथम तिला वाढावें व मग आपण शेजारीं बसावें. भाजी गार झालेली असेल, करंज्या संपलेल्या असतील. तरी त्या घरच्या आतिथ्याला उणें राहणार नाहीं, कारण त्या घरांत द्विवचनाचा अर्थ कळलेला असेल.