बर्लिनची भिंत: विसरलेली सोळा वर्षे

महायुद्ध संपले, जर्मनीचे दोन तुकडे झाले आणि मध्ये भिंत घातली गेली, अशी गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात शाळेपासून पक्की बसलेली असते. तारखा पाहिल्या की ती डळमळते. युरोपातले युद्ध मे 1945 मध्ये थांबले, भिंतीचे काम सुरू झाले 13 ऑगस्ट 1961 रोजी. भिंत का बांधावी लागली, याचे उत्तर मधल्या सोळा वर्षांत आहे. नेमकी तीच आपण विसरतो.

आधी नकाशा नीट पाहू. बर्लिन दोन जर्मनींच्या सीमेवर होते, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात ते सोव्हिएत ताब्यातल्या प्रदेशात, सीमेपासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत होते. भिंतीने वेढले ते शहराच्या पश्चिमी राष्ट्रांकडे असलेल्या भागाला, म्हणजे पश्चिम बर्लिनला. तिची एकूण लांबी सुमारे 155 किलोमीटर. त्यातली शहराच्या दोन भागांमधून जाणारी फक्त 43. उरलेली भिंत पश्चिम बर्लिन आणि भोवतालचा पूर्व जर्मनी यांच्यामध्ये होती. दोन देशांमधली जवळपास चौदाशे किलोमीटरची सरहद्द वेगळीच, आणि ती पूर्व जर्मनीने 1952 मध्येच बंद केली होती.

याल्टाच्या बैठकीत विजेत्या राष्ट्रांच्या तीन नेत्यांनी जर्मनी वाटून घेतला, असेही सर्रास लिहिले जाते. ताब्याच्या क्षेत्रांचा मसुदा लंडनमध्ये सप्टेंबर 1944 मध्येच ठरला होता. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टात फ्रान्सलाही एक क्षेत्र द्यायचे ठरले. ही व्यवस्था तात्पुरती होती. त्याच वर्षी पॉट्सडॅमच्या बैठकीत तर संपूर्ण जर्मनी एकच आर्थिक घटक म्हणून चालवायचा, असे ठरले. ते निभले नाही.

जून 1948 मध्ये पश्चिमी राष्ट्रांनी आपल्या क्षेत्रांत नवे चलन आणले आणि 24 जूनला सोव्हिएत युनियनने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग तोडले. वीस लाखांहून अधिक माणसांचा प्रश्न उभा राहिला, आणि पश्चिमी राष्ट्रांनी त्यांना विमानांनी माल पुरवायला सुरुवात केली. मग हवाई मार्ग का अडवला नाही? याचे उत्तर एका कागदात आहे. तीन हवाई मार्गांविषयी नोव्हेंबर 1945 मध्ये लेखी करार झाला होता. रस्त्यांविषयी तसा करार नव्हता. विमान अडवायचे म्हणजे ते पाडायचे, आणि पाडले की युद्ध. ती जोखीम स्टालिनला नको होती. या पुरवठ्याचे चित्रही आपल्या मनात थोडे चुकीचे असते. मुलांसाठी छोट्या पॅराशूटांनी चॉकलेटे टाकली गेली हे खरे, पण बाकीचा माल विमाने उतरवूनच पोचवला जाई. टेम्पेलहोफ आणि गाटोच्या धावपट्ट्यांवर, पुढे टेगेललाही, दिवसरात्र विमाने उतरत. सुमारे 23 लाख टन माल आला आणि त्यातला मोठा भाग धान्य नव्हे, कोळसा होता. वीज आणि ऊब यांच्याशिवाय शहर तगलेच नसते. 12 मे 1949 रोजी नाकेबंदी उठली.

त्यानंतरची बारा वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. देशाची सरहद्द बंद झाली तरी बर्लिन शहराच्या आत वाट उघडी होती. पूर्व भागात भुयारी रेल्वेत बसायचे आणि पश्चिमेत उतरायचे, इतके ते जवळ होते. 1949 ते 1961 या काळात सुमारे 27 लाख लोक पूर्व जर्मनी सोडून गेले. त्यांत तरुण फार होते. डॉक्टर, इंजिनियर, कुशल कामगार होते. दवाखाने आणि कारखाने माणसांवाचून अडू लागले.

भिंत बांधली गेली ती या ओघापायी. पूर्व जर्मनीच्या सरकारने तिला फॅसिस्टविरोधी संरक्षक तट असे नाव दिले, आणि ती बाहेरच्या हल्ल्यापासून बचावासाठी होती, हा समज आजही भेटतो. तिची रचनाच त्याला खोडून काढते. पूर्वेकडून येणाऱ्या माणसाला आधी आतली भिंत, मग इशारा देणाऱ्या तारा, पहारेकऱ्यांचे मनोरे आणि मोकळी पट्टी ओलांडावी लागे. बाहेरची भिंत सर्वांत शेवटी. किमान 140 माणसे या भिंतीपायी मेली, आणि त्यातली बहुतेक पळून जाऊ पाहणारी होती. या आकड्यापुढे मला तरी ते सरकारी नाव असह्य वाटते.

शेवटचा गैरसमज भिंत उघडण्याविषयी. 9 नोव्हेंबर 1989 रोजी ती पाडण्याचा आदेश कोणी दिला नव्हता. प्रवासाचे नवे नियम दुसऱ्या दिवसापासून, रीतसर अर्ज करून, लागू व्हायचे होते. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत ते तात्काळ लागू असल्याचे सांगितले. लोक नाक्यांवर लोटले. बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावरचे अधिकारी हाराल्ड येगर वरिष्ठांना फोन करत राहिले, स्पष्ट हुकूम मिळेना. रात्री साडेअकराच्या सुमारास त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडायला लावले. त्या रात्री जर्मनी एक झाला नाही. त्यासाठी 3 ऑक्टोबर 1990 उजाडावा लागला, आणि 1945 च्या चार विजेत्यांचे जर्मनीवरचे उरलेसुरले हक्क संपवणारा करार अमलात आला तो मार्च 1991 मध्ये.