जुन्या जीपचा स्टड तुटतो तेव्हा...

बेलापूर म्हटले की मुंबईकर वाचकास नवी मुंबई आठवते. येथे अभिप्रेत आहे ते अहिल्यानगर जिल्ह्यातील, प्रवरेच्या काठचे बेलापूर. रेल्वेने येणाऱ्याची तर आणखी एक फसगत होते, कारण 'बेलापूर' नावाचे स्थानक या गावात नसून श्रीरामपूर शहरात आहे. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर हा परिसर उसाचा झाला. हरेगावची बेलापूर कंपनी आणि पुढे प्रवरानगरचा सहकारी कारखाना यांमुळे साखर आणि यंत्रे या दोहोंशी येथील माणसाचा परिचय जुना आहे. काळ्या मातीच्या शेतरस्त्यांवर जी वाहने टिकली, त्यांत जीप अग्रभागी होती. आता तीच जुनी जीप पुण्या-मुंबईचे हौशी लोक हुडकून विकत घेतात, रंगवतात आणि सह्याद्रीत घेऊन जातात. इंजिन, गिअर आणि छत पारखून घेणारा खरेदीदार चाकाच्या स्टडकडे मात्र क्वचितच पाहतो.

विलीज वंशाच्या जीपचे प्रत्येक चाक पाच स्टडांवर बसते. हे स्टड साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि त्यांचे आटे अर्ध्या इंचाचे, इंचाला वीस या मापाचे असतात. गाडीचा भार हे पाच स्टड खुंटीप्रमाणे पेलतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे चाक ड्रमच्या पृष्ठभागावर घट्ट दाबले जाते. भार पेलते ते या दाबातून निर्माण होणारे घर्षण. नट सैल झाला की दाब जातो, चाक सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते आणि प्रत्येक फेऱ्यात स्टड वाकून पुन्हा सरळ होतो. जीपचे चाक एका किलोमीटरला सुमारे साडेचारशे फेरे घेते. म्हणजे पन्नास किलोमीटरच्या प्रवासात सैल स्टड बावीस हजारांहून अधिक वेळा वाकतो. लोखंडी तार हाताने पुढेमागे वाकवून तोडतात, तोच हा प्रकार.

म्हणून तुटलेला तुकडा फेकून देऊ नये. तो पुसून उजेडात पाहावा. तुटल्या जागी गुळगुळीत, कमानदार रेषांचा भाग दिसला आणि उरलेला भाग खडबडीत असला, तर भेग फार दिवसांपासून वाढत होती आणि शेवटचा झटका केवळ निमित्त ठरला, असे समजावे. गुळगुळीत भागावर गंज असेल तर शंकाच उरत नाही. उरलेल्या चार स्टडांनीही तेवढेच हाल सोसलेले असतात, किंबहुना पाचवा गेल्यावर त्याचा वाटाही त्यांनीच उचललेला असतो. एक तुटला की त्या चाकाचे पाचही बदलावेत, हा नियम खर्चिक वाटला तरी पाळण्याजोगा आहे. धावत्या जीपचे निखळलेले चाक कोणत्या दिशेने जाईल आणि समोर कोण असेल, हे कोणाच्याच हाती नसते.

स्टड तुटण्याचे दुसरे कारण सैलपणाच्या अगदी उलट आहे. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाशी तीस किलोंचा जोर दिला तर सुमारे नव्वद न्यूटन-मीटर पीळ बसतो. या मापाच्या स्टडाला साधारण तेवढाच पुरतो. आपल्याकडे पान्याला दोन फुटी पाइप लावून सत्तर किलोंचा माणूस त्यावर उभा राहतो. हा पीळ चौपटीहून अधिक झाला. असा ताणलेला स्टड त्या दिवशी तुटत नाही, पुढे कधीतरी घाटात तुटतो.

तिसरे कारण खास जुन्या जीपचे आहे. विलीज पद्धतीच्या जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. नट सोडवायचा तर पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागे. पुढच्या काळात सर्व चाकांना सुलटे आटे आले. हे ठाऊक नसलेला मनुष्य डाव्या चाकाचा नट सोडवण्याच्या भ्रमात आवळतच राहतो आणि स्टड पिळून तोडतो. एवढ्या वर्षांत हब या गाडीचे त्या गाडीला लागलेले असतात, त्यामुळे बाजूवर भिस्त ठेवू नये. स्टडाच्या टोकावर किंवा नटावर इंग्रजी 'एल' अक्षर आहे का, आणि आटे कोणत्या बाजूस चढतात, हे प्रत्यक्ष पाहावे.

बदलण्याचे काम घाईचे नाही. चाकांना ठोकळे लावून, गाडी जॅकवर नव्हे तर पक्क्या स्टँडवर घ्यावी. जुन्या हबमध्ये स्टडाची मान मागेपुढे ठोकून पसरवलेली असते आणि तीच ड्रमला हबशी जखडते. ती पसरलेली कड न कापता स्टड ठोकून काढला तर हबचे भोक मोठे होते आणि नवा स्टड त्यात कधीच घट्ट बसत नाही. हब गाडीवर असतानाच घण घालणे तर बेअरिंगच्या मुळावर येते. हब उतरवून लेथवाल्याकडे न्यावा, कड कापून घ्यावी आणि प्रेसवर जुने स्टड काढून नवे बसवावेत. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात उत्तम लेथवाले आहेत. मात्र त्यांच्याकडून साध्या सळईचा स्टड कातून घेऊ नये. मूळ स्टड उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादाचा असतो. सळईचा स्टड दिसायला तसाच, पण ताणाला टिकत नाही. स्टड वेल्डिंगने चिकटवणे त्याहून वाईट, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पोलाद ठिसूळ होते.

खरेदी करताना एक फसवी जोडी ध्यानात ठेवावी. बारा मिलिमीटर, सव्वा मिलिमीटर पिचचा स्टड आणि अर्ध्या इंचाचा स्टड यांच्या आट्यांतील अंतर जवळजवळ सारखे, पण जाडीत सात दशांश मिलिमीटरचा फरक. अर्ध्या इंची नट बारा मिलिमीटरच्या स्टडावर सुखेनैव चढतो, आवळल्यासारखाही वाटतो आणि जोर आला की आटे सोलून निघतो. नट हाताने फिरवताना डुगडुगला तर तो आपला नव्हे.

चाक बसवण्यापूर्वी ड्रमचा आणि चाकाचा टेकणारा भाग रंग, गंज व चिखल काढून स्वच्छ करावा. हौसेने दिलेला रंगाचा जाड थर पुढे दबतो आणि नट आपोआप सैल पडतो. चाकाची भोके लांबट झाली असतील तर नवे स्टडही वाचणार नाहीत. ते चाक बाद करावे. नट एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे आवळावेत, शेवटचा पीळ टॉर्क रेंचने आणि गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे द्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर तो पुन्हा तपासावा. प्रत्येक नटावरून चाकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली तर नट फिरल्याचे लांबूनही दिसते.

रस्त्यात एकच स्टड तुटला आणि उरलेले चार घट्ट असतील, तर ओझे उतरवून अगदी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. शेजारचे दोन तुटले असतील तर गाडी तेथेच उभी करावी आणि ट्रॅक्टर येईपर्यंत वाट पाहावी. हंगामात या रस्त्यांवर तो यायला फारसा वेळ लागत नाही.