कापसाची गाठ आणि चाळीची खोली

मुंबईच्या कोट विभागात विद्यार्थ्यांना घेऊन फिरताना मी बोरीबंदरपासून सुरुवात करतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार या इमारतीचे काम १८७८ साली सुरू झाले आणि १८८८ साली पुरे झाले. २००४ मध्ये तिला जागतिक वारशाचे स्थान मिळाले. तिच्या माथ्यावर शेती, अभियांत्रिकी आणि व्यापार यांच्या मूर्ती आहेत. घुमटावर प्रगतीची मूर्ती उभी आहे. मागे एकदा एका मुलीने त्या मूर्तींकडे बघत विचारले, "सर, यात आपले काय?" तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोललो. तो प्रश्न मात्र सुटला नाही.

ही इमारत जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य कार्यालय होती. त्याच रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तेथेच सांगितले. त्या भाषणातला एक तपशील मात्र आपण फारसा सांगत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टरही होता येत नाही. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकामही करून घेतो, आणि अस्पृश्य घरात चालत नाही. रूळ सांभाळायला चालतो! व्यापाराची मूर्ती ज्या रुळांवर उभी आहे, ते रूळ कोणी सांभाळले याचे उत्तर येथे मिळते.

या शहराच्या संपत्तीची मुळे दोन: माळव्यातून चीनला जाणारी अफू आणि कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. किल्ल्याचा तट याच दशकात पाडला गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा आहे. पण त्याच्या दगडांत कापूस आहे, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. युद्ध संपताच बाजार कोसळला. गिरण्या मात्र वाढत गेल्या. पहिल्या गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ सालीच काढली होती.

गिरणीत माझा आजा रिंग खात्यात होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण ते दार त्याला बंद. का, हे आजच्या विद्यार्थ्याला नीट समजावून सांगावे लागते. साच्यावर धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचे. ते लवकर निघावे म्हणून विणकर भोकाला तोंड लावून सूत ओढून घेई. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्यांना खात्याबाहेर ठेवले. मालकालाही ते सोयीचेच होते. १९२८ च्या मोठ्या संपात हे खाते आम्हाला खुले करण्याची मागणी घ्यावी, असा बाबासाहेबांनी आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीने. आजा सांगे, पाण्याचा माठही वेगळा असे. विटाळ कारखान्याच्या आत होता आणि यंत्राला त्याची काही अडचण नव्हती. यंत्रयुग आले की जात जाईल, असे म्हणणाऱ्यांनी हा धोटा एकदा हातात घेऊन पाहावा.

आता चाळीकडे येऊ. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसवून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या ठरल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती झाल्या, बाकीचे कागदावर राहिले. मजल्यावर मधोमध बोळ, दोन्ही अंगाला दहा-दहा खोल्या, असे चार मजले. म्हणजे इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला अनेक खोल्या रिकाम्याच राहिल्या. खाजगी चाळींत आम्हाला जागा मिळणे मुश्कील, त्यामुळे आमची माणसे या काँक्रीटमध्ये शिरली. माझा जन्म अशाच एका खोलीतला. आम्ही नऊ माणसे होतो.

ज्या गाठीने राजाबाई टॉवर उभा केला, तिनेच आमची खोलीही उभी केली. एकाला वारसा म्हणतात आणि दुसऱ्याला मोडकळीस आलेले बांधकाम. वस्तुतः आपल्या चळवळीचा मोठा भाग चाळींतच घडला. बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरची सभा वरळीच्या बीडीडी चाळींच्या मैदानात झाली, आणि त्यानंतरची दंगल याच जिन्यांवरून चढली.

या चाळी जशाच्या तशा जपाव्यात, असे मला मुळीच वाटत नाही. सकाळी संडासच्या रांगेत उभे न राहिलेलेच तसे म्हणू शकतात. २०१७ साली पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. वरळीत २०२५ साली पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ते घर त्यांच्या हक्काचे आहे, त्यांनी ते आनंदाने घ्यावे. माझी चिंता वेगळी आहे. भिंत पडते तेव्हा तिच्यावरचा चाळ क्रमांक जातो, भाड्याच्या पावत्या भंगारात जातात, गिरणीचा पास जातो, जिन्याखालच्या वाचनालयाचे रजिस्टर जाते. कोट विभागातल्या इमारतीचा आराखडा कोणीतरी सांभाळतोच. आमच्या खोलीत कोण राहिले, हे रजिस्टरमध्ये नसेल तर कुठेच नसते.

ती मुलगी आता शिक्षिका आहे. तिने वर्गातल्या मुलांना घरून एकेक कागद आणायला सांगितले. तिच्याकडे आतापर्यंत एक पत्र्याची पेटी भरली आहे. परवा त्यात एक धोटाही आला, टोकाला झिजलेला. तो कोणाच्या घरून आला, हे तिने चिठ्ठीवर लिहून त्याला दोऱ्याने बांधले आहे.