वासरू आधी उंच का होतं?

नुकतं जन्मलेलं वासरू पहिल्यांदा चारी पायांवर उभं राहतं, तेव्हा ते पाय त्याचे वाटतच नाहीत. धड आखूड, पोट आत गेलेलं, मान बारीक, डोकं जड आणि पाय मात्र हे एवढे लांब. या वासराचा फोटो कितीही मोठा केला तरी त्याची गाय दिसणार नाही. जन्माच्या दिवशी त्याची उंची आईच्या निम्म्याहून जास्त असते आणि वजन आईच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्याएवढं. म्हणजे निम्मी उंची पोटातच झाली, वजन मात्र जवळजवळ सगळं अजून व्हायचं आहे. पुढची चार-पाच वर्षं ते नुसतं मोठं होत नाही. ज्या गोष्टींचं ते बनलेलं आहे, त्यांचं प्रमाणच बदलत जातं.

या बदलाला ठरलेला क्रम आहे. आधी मेंदू आणि मज्जासंस्था, मग हाडं, मग स्नायू आणि शेवटी चरबी. केंब्रिजमध्ये जॉन हॅमंड यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मेंढ्या, गुरं आणि डुकरांवर वर्षानुवर्षं काम करून हा क्रम मांडला. वासराचा मेंदू जन्मतःच मोठ्या गाईच्या मेंदूच्या साधारण निम्म्या वजनाचा असतो. हाडंही सगळी एकदम वाढत नाहीत. पायाची नळी आधी, मांडीचं हाड तिच्यामागून, कमर सगळ्यात शेवटी. वाढीची एक लाट डोक्याकडून मागे येते, दुसरी खुरांकडून वर चढते आणि दोन्ही कमरेपाशी मिळतात, असं हॅमंड यांचं म्हणणं होतं. वासरू पायांत उंच आणि कमरेत अरुंद दिसतं ते यामुळे. कळपातल्या प्राण्याला जन्मल्यावर तास-दोन तासांत उठून आईमागे चालावं लागतं. चालायला जे लागतं ते आधी तयार होतं, बाकीचं सवडीनं.

वासराच्या अंगात सर्वांत जास्त असतं ते पाणी. गर्भ अगदी कोवळा असताना दहापैकी नऊ भाग पाणीच असतं. जन्मताना हे प्रमाण पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास येतं आणि चांगल्या पोसलेल्या प्रौढ जनावरात पन्नास-साठ टक्क्यांवर. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथं जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी गाय, मेंढी आणि डुक्कर यांच्यातल्या दहा जनावरांच्या अख्ख्या शरीरांचं रासायनिक पृथक्करण केलं आणि १८५९ साली निष्कर्ष छापले. जनावर अंगानं भरतं तसं पाण्याचं प्रमाण घटतं आणि चरबीचं वाढतं, हे त्यातून लख्ख दिसलं.

खरं नवल त्यापुढे आहे. चरबी हिशेबातून काढून टाकली आणि उरलेल्या शरीराकडे पाहिलं, तर प्रौढ सस्तन प्राण्यांमध्ये पाण्याचा वाटा जवळजवळ एकच निघतो, सुमारे ७३ टक्के. उंदीर, गिनीपिग, गाय, माणूस, सगळे या आकड्याच्या आसपास. पिल्लू मोठं होता होता हळूहळू या आकड्यावर येऊन स्थिरावतं. अमेरिकेत मोल्टन यांनी १९२३ साली या टप्प्याला रासायनिक परिपक्वता म्हटलं. आज माणसाच्या अंगातली चरबी न कापता मोजता येते, तीही याच आकड्याच्या आधारानं. जड पाण्याचा मोजून घोट द्यायचा, ते अंगभर मिसळलं की किती विरळ झालं हे लाळेत तपासायचं, त्यावरून अंगातलं एकूण पाणी काढायचं, पाण्यावरून बिनचरबीचं वजन. उरली ती चरबी. उंदरापासून गाईपर्यंत एवढी वेगवेगळी शरीरं, आणि मुळातलं मिश्रण इतकं सारखं! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा किती तरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

जन्मताना मात्र हे सगळे सारखे नसतात. माणसाच्या बाळात १२ ते १५ टक्के चरबी असते, वासरात ३-४ टक्के, डुकराच्या पिल्लात जेमतेम एक-दोन टक्के. वासराकडे निदान मूत्रपिंडाभोवती थोडी तपकिरी चरबी असते. ती साठवण्याची नसून जाळून ऊब देणारी चरबी, आणि काही आठवड्यांत तिची साधी पांढरी चरबी होऊन जाते. डुकराच्या पिल्लाकडे तीही नाही, कारण ही चरबी पेटवणारं जनुक डुकरांच्या पूर्वजांनी कधीच गमावलं. म्हणून ती पिल्लं थंडीत एकमेकांना बिलगून कुडकुडत राहतात.

आता वासराच्या पोटात डोकावू. मोठ्या गाईच्या चार कप्प्यांच्या पोटात कोटीपोट सर्वांत प्रचंड, एकूण पोटाच्या ऐंशी टक्क्यांच्या घरात. वासरात उलटं असतं. त्याचं चौथं, पाचक रस स्रवणारं पोटच सर्वांत मोठं, आणि कोटीपोट म्हणजे चिमलेली लहानशी पिशवी. वासरू आचळाला तोंड लावून ओढू लागलं की अन्ननलिकेच्या शेवटाला असलेली एक खाच मिटून नळी तयार होते आणि चीक किंवा दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. कोटीपोट आपोआप वाढत नाही. वासरानं खुराक आणि चारा चघळायला सुरुवात केली की आत जिवाणू नांदू लागतात, ते चारा आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि त्यांतलं ब्युटिरिक आम्ल कोटीपोटाच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे उगवायला लावतं. नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासराचं कोटीपोट महिनोन्‌महिने सपाट आणि पातळच राहतं. म्हणजे हा अवयव घडायला आईबापांचा वारसा पुरत नाही. चारा हवा, आणि तो चारा खाणारे जिवाणूही हवेत.

स्नायूंची गोष्ट निराळी. स्नायूतल्या तंतूंची संख्या जन्माच्या सुमारासच जवळजवळ ठरून गेलेली असते. खोंडाची मांडी पुढे कितीही भरली तरी तंतू तेच, फक्त एकेक तंतू जाड आणि लांब होतो. पण कुठला स्नायू किती वाढायचा, हे वयात आल्यावर बदलतं. खोंडात नर संप्रेरकं वाहू लागली की मानेचे आणि खांद्याचे स्नायू इतरांपेक्षा जोरात वाढतात. आपल्या देशी बैलाचं वशिंड हाही मुळात एक स्नायूच, चरबीनं भरलेला. वासराच्या पाठीवर त्याची नुसती चाहूल असते. वळूवर ते डोलतं. खच्ची केलेल्या बैलाचं वशिंड वळूएवढं कधीच होत नाही. उंचीत मात्र बैल वळूच्या पुढे जाऊ शकतो. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात, त्या हाडाला लांबी देतात. लैंगिक संप्रेरकं या पट्ट्या बुजवतात. खच्ची जनावरात त्या उशिरा बुजतात, म्हणून हाडं थोडी जास्त लांब होतात.

क्रम किती हट्टी असतो हे पाहायचं तर अमेरिकेतल्या मिसुरीत वॉटर्स यांनी केलेला प्रयोग बघावा. त्याचे निष्कर्ष १९०८ साली प्रसिद्ध झाले. वाढत्या वयाच्या गोऱ्ह्यांना त्यांनी एवढाच चारा दिला की वजन वाढूही नये आणि घटूही नये. महिने उलटले. काट्यावर आकडा तोच. पण गोऱ्हे उंच होत राहिले. वजन न वाढता उंची वाढली, कारण शरीरानं अंगातली चरबी मोडून हाडांच्या वाढीला पुरवली. छाती अरुंद झाली, फासळ्या वर आल्या आणि नळ्या लांबत गेल्या. दुष्काळात वाढलेली जनावरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. उंची वयाची आणि अंग उपाशी. काट्यावर ठेवून असं जनावर वाढलं की नाही हे कळणारच नाही.

चाऱ्यानं क्रम बदलता येतो का? हॅमंड यांच्याकडे न्यूझीलंडहून आलेल्या मॅकमीकन यांनी डुकरांवर हे करून पाहिलं आणि १९४० साली निष्कर्ष छापले. चार गट. एकाला सुरुवातीपासून भरपूर, एकाला सुरुवातीपासून बेताचं, तिसऱ्याला आधी भरपूर मग बेताचं, चौथ्याला आधी बेताचं मग भरपूर. चौघांनाही सारख्याच, सुमारे ९० किलो वजनावर तपासलं. भरपूर खाणारी तिथं सहा महिन्यांत पोचली, बेताचं खाणाऱ्यांना दहा महिने लागले. आधी उपाशी आणि मग भरपूर, या गटात चरबी सर्वांत जास्त निघाली, ४४ टक्के. कायम बेताचं खाणाऱ्यांत सर्वांत कमी, २७-२८ टक्के. वजन एकच, शरीरं वेगळी. पाठ्यपुस्तकांनी यावरून लिहिलं की आहारानं शरीराची घडण हवी तशी वळवता येते. पुढे १९६४ साली एल्स्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच जुने आकडे चरबी वगळून पुन्हा मांडले, तेव्हा गटांमधले बरेचसे फरक विरून गेले. हाडाला मांस किती, हे प्रमाण फारसं हललंच नव्हतं. हलली होती ती चरबी. मला ही दुसरी मांडणी पहिल्या प्रयोगाइतकीच मोलाची वाटते. नवं जनावर न मारता, जुन्या आकड्यांतूनच मोठी गोष्ट कळली.

ही शेवटची पाहुणी, चरबी, येतेही ठरलेल्या वाटेनं. आधी मूत्रपिंडाभोवती आणि आतड्यांच्या पडद्यांवर, मग स्नायूंच्या मधल्या जागेत आणि कातडीखाली, सर्वांत शेवटी खुद्द स्नायूच्या आत. तिची किंमतही जबर. एक किलो मांसात तीन चतुर्थांश पाणीच असतं, म्हणून त्यात साठलेली ऊर्जा बाराशे-तेराशे किलोकॅलरी. एक किलो चरबीत मात्र आठ हजारांच्या आसपास. वासरू थोड्या चाऱ्यावर भराभर वजन घेतं आणि पोसलेलं प्रौढ जनावर पोतंभर खाऊनही किलोभर वाढत नाही, याचं मोठं कारण हेच. वासराची वाढ बरीचशी पाण्याची असते, प्रौढाची चरबीची.

आता शेतकऱ्यांशी आणि बैलगाडा शर्यतीच्या माळावर रमणाऱ्यांशी एक बोलायचं आहे. तुमच्याकडे वय सांगायची अचूक भाषा आहेच. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन दाती झालेला दुसा, चार दाती तो चौसा, मग जुळलेला. देशी खोंडाचे पहिले दोन कायमचे दात दोन ते अडीच वर्षांत येतात आणि जुळायला साडेचार-पाच वर्षं लागतात. हाडांच्या टोकांच्या काही पट्ट्या साडेतीन-चार वर्षांपर्यंत उघड्याच असतात. आणि उंची सर्वांत आधी येते, हे वर पाहिलंच. म्हणून दावणीला एखादा आदत खोंड बैलाएवढा उंच दिसला, तरी उंचीवर जाऊ नका. तोंड उघडून दात बघा आणि चौसा होईपर्यंत त्याच्या खांद्यावर जड ओझं देऊ नका.