‘उद्या जाणारा’ : कुंभकोणम् परिसरातील दास्य आणि नंदनाची कथा

तमिळ शैवपरंपरेतील त्रेसष्ट नायन्मारांपैकी एकाचे नाव ‘तिरुनाळैप्पोवार’, म्हणजे ‘उद्या जाणारा’, असे आहे. लोक त्याला नंदन म्हणून ओळखतात. चिदंबरमच्या नटराजाच्या दर्शनास ‘उद्या जाईन’ असे तो रोज म्हणे, आणि तो उद्या कधी उजाडत नसे. बाराव्या शतकात सेक्किळारने ‘पेरियपुराणम्’मध्ये ही कथा सांगितली. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारती ह्यांनी ‘नंदनार चरित्तिरम्’ ह्या गेय आख्यानात ती पुन्हा सांगितली. हा ‘उद्या’ दोहोंतही आहे. मात्र तो कोणाच्या हाती आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही ठिकाणी एक नाही.

सेक्किळारचा नंदन देवळांच्या वाद्यांसाठी चामडे आणि तंतू पुरवितो. आपल्या जन्मामुळे क्षेत्रात पाऊल टाकावे कसे, हा संकोच त्याला अडवितो. त्याला धनी असा कोणी नाही. भारतींनी ह्या कथेत एक ब्राह्मण जमीनदार आणून बसविला. त्याच्या आज्ञेवाचून नंदनाला गाव सोडता येत नाही, आणि ती आज्ञा मिळण्यासाठी चाळीस वेली शेताचे काम आधी उरकले पाहिजे. एक वेली म्हणजे सुमारे पावणेसात एकर. तेव्हा ही अट जवळजवळ 270 एकरांची झाली. शिवकृपेने एका रात्रीत पीक उभे राहते हे खरे, परंतु चमत्काराची गरज कोठे पडली हे पाहण्यासारखे आहे. सेक्किळारच्या नंदनापुढे देवळाचा उंबरठा होता. भारतींच्या नंदनापुढे प्रथम शेताचा बांध आहे.

हा धनी भारतींना शोधावा लागला नसावा. त्यांचे वास्तव्य मायवरमजवळील आनंदतांडवपुरम् येथे होते, आणि कुंभकोणमपासून मायवरमपर्यंत पसरलेल्या कावेरीच्या भातखाचरांत असे धनी गावोगाव होते. जमीन मिरासदारांची आणि राबणारे हात पळ्ळर व परैयर जातींचे, अशी तेथील घडी होती. ‘मिरासदार’ हा शब्द मराठी वाचकास परका नाही. ह्या राबणाऱ्यांपैकी अनेकांना ‘अडिमै’, म्हणजे दास, म्हणत आणि त्यांची खरेदी-विक्रीही होई. ही रीत जुनी होती. त्याच प्रदेशातील तिरुप्पांबुरम् येथील 1201 चा शिलालेख दुष्काळात आपल्या दोन मुलींसह देवळाला विकल्या गेलेल्या एका वेळ्ळाळाची नोंद देतो. पुढे तंजावरास भोसल्यांचे राज्य आले आणि 1855 पर्यंत टिकले. त्याने हे दास्य मोडले नाही. ज्या पुण्यात कुणबिणी आणि बटकी विकल्या जात, त्याच समाजाचे हे राज्य होते. तेव्हा मराठी वाचकाने तमिळ मिरासदाराकडे जपूनच बोट दाखवावे.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणाऱ्या 1833 च्या कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळला होता. हिंदुस्थानासाठी 1843 चा पाचवा कायदा झाला. त्याने दास बाळगणे हा गुन्हा ठरविला नाही. दासावरील हक्क न्यायालये मानणार नाहीत, एवढेच सांगितले. गुलामाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो 1862 पासून अमलात आलेल्या दंडसंहितेने. न्यायालयाचे दार धन्याला बंद झाले, पण ज्याची झोपडी धन्याच्या जमिनीवर, ज्याच्या लग्नाचे कर्ज धन्याच्या वहीत आणि ज्याची पेज धन्याच्या कणगीतून, त्याला आवरून धरण्यास न्यायालय लागत नव्हते. ‘अडिमै’चा ‘पण्णैयाळ’, म्हणजे शेतावरचा गडी, झाला. ह्या पण्णैयाळांच्या संरक्षणासाठी तंजावर जिल्ह्यापुरता कायदा व्हावयास 1952 साल उजाडावे लागले. त्यातील जमिनीची मर्यादाही एका वेलीचीच होती.

भारतींचे आख्यान छापले गेले ते 1860 नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत. त्यात सरकार नाही, कायदा नाही. कथा प्राचीन काळची असल्याने हे स्वाभाविक आहे, असे कोणी म्हणेल. पण मग जुन्या कथेत नसलेला धनी नव्याने का आला? कायद्याने ज्याचा हक्क नाकारला होता, तोच आख्यानात पुरता जिवंत आहे.

तरीही भारतींना मुक्तिवादी ठरविणे घाईचे होईल. त्यांचा नंदन सुटका मागत नाही, रजा मागतो. आणि शेवटी अग्नीतून शुद्ध होऊनच तो देवापाशी पोचतो. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेत नीग्रो दास्याविरुद्ध झटलेल्यांना अर्पण केली. तेथे दास्याला नाव आहे, आरोपी आहे, जगाची साक्ष आहे. भारतींपाशी ह्यांतले काही नाही. त्यांच्यापाशी एक अडलेला माणूस आहे. कुंभकोणमच्या महाविद्यालयात 1880 ते 1903 पर्यंत शिकविणाऱ्या उ. वे. स्वामिनाथ अय्यर ह्यांनी भारतींचे चरित्र लिहिले. आपले गुरू मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै आख्यानातील व्याकरणदोषांमुळे प्रास्ताविक पद्य देण्यास कचरत होते, आणि भारतींचे गाणे ऐकून विरघळले, अशी हकीकत त्यांच्याकडून कळते. पंडिताला खटकला तो शब्द, धनी नव्हे.

भाषांतरकाराची अडचणही येथेच सुरू होते. ‘अडि’ म्हणजे पाय. ‘अडियार’ म्हणजे शिवाचा भक्त आणि ‘अडिमै’ म्हणजे विकला जाणारा माणूस, दोन्ही शब्द त्याच पायापाशी जन्मले. मराठीत ‘दास’ म्हटले की समर्थ आठवतात, बाजार आठवत नाही. ‘गुलाम’ म्हटले की बाजार आठवतो, आणि भक्ती नाहीशी होते. शिवाय नंदन ‘ऐया’ अशी जी हाक देतो, ती धन्यालाही असते आणि नटराजालाही. ‘मालक’ आणि ‘देवा’ असे दोन शब्द योजले तर भारतींनी जोडलेले मराठीत तुटते. आपला ‘धनी’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. शेतावरचा गडी तो मालकासाठी वापरतो आणि भक्त विठ्ठलासाठी.