घरबसल्या भूशास्त्राची उच्च पदवी

आमच्या एका बागाईतदार सभासदांचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्या हातीं आलें. त्यांचे चिरंजीव बी. एस्सी. झाले असून भूशास्त्रांत एम. एस्सी. व्हावें अशी त्यांची फार इच्छा आहे. परंतु घरीं कर्ता मुलगा हा एकच. ऊस व द्राक्षें दोन्ही त्याच्याच देखरेखीखालीं. दोन वर्षें पुण्यास बिऱ्हाड करून राहिल्यास बाग कोणी पाहावी? "घरबसल्या शिकून ही पदवी मिळते असें ऐकतों, ती खरी कीं नुसती कागदी?" असा त्यांचा रोकडा सवाल आहे. तो एकट्या त्यांचाच नसल्यामुळें त्याचें उत्तर येथें थोडें विस्तारानें देत आहों.

प्रथम, शेतकऱ्याच्या मुलानें या शास्त्राच्या वाटेस कां जावें? महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून अधिक भूमि काळ्या पाषाणावर वसली आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतील तप्त रस भेगांवाटे बाहेर येऊन थरावर थर सांचले; सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. आपली काळी जमीन हीही बहुतेक त्याच पाषाणाची झीज होय. या खडकांत पाणी सर्वत्र सारखें नसतें. तें मुरमांत असतें, बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिलेल्या ठिसूळ थरांत असतें, दोन थरांच्या सांध्यांत व भेगांत असतें. घट्ट, अभंग पाषाणाच्या पोटांत मात्र कितीही खोल गेलें तरी कोरडेंच.

हें आम्ही पुस्तकांतून नव्हे, पदरचे पैसे घालवून शिकलों. आमच्या शिवारांत एका पाणाड्यानें हातावर नारळ उभा करून जागा दाखविली, व आम्हीं तेथें तीनशें फूट बोअर घेतलें. धुरळ्याखेरीज कांहीं वर आलें नाहीं. पुढें एका तरुण भूशास्त्रज्ञानें ओढ्याची कड, बांधावरचे उघडे खडक व शेजारच्या जुन्या विहिरीचे थर अर्धा दिवस हिंडून पाहिले आणि सांगितलें कीं, येथें साठ फुटांखालीं सलग पाषाण आहे. जें काय पाणी आहे तें त्याच्या वरच्या मुरमांत. ओढ्याकांठीं साधी विहीर खोदली, तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी असतें. पाणाड्यांचे अंदाज कधींच बरोबर येत नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. पण चुकले तर कां चुकले, हें त्यांस सांगतां येत नाहीं.

आतां घरबसल्या शिक्षणाकडे वळूं. याचा मोठा प्रयोग इंग्लंडांत झाला. तेथील मुक्त विद्यापीठास १९६९ सालीं सनद मिळाली व १९७१ च्या जानेवारींत सुमारें २४ हजार विद्यार्थ्यांनिशीं अध्यापन सुरू झालें. नोकरी करणारे, घर सांभाळणारे लोक शास्त्र कसे शिकणार, याबद्दल पुष्कळांस शंका होती. आणि भूशास्त्रासारखा हातांत दगड घेऊन शिकण्याचा विषय तर टपालानें शिकवितां येणार नाहीं असेंच कोणासही वाटावें. तेथील भूशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख प्रा. इयन गॅस यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती अडचण युक्तीनें सोडविली. विद्यार्थ्याच्या घरीं पुस्तकांबरोबर खडकांच्या नमुन्यांची पेटी जाई. मॅकआर्थर यांच्या रचनेचा, हातांत मावणारा प्लास्टिकचा सूक्ष्मदर्शकही जाई. व्याख्यानें बी. बी. सी. वर होत, आणि उन्हाळ्यांत कांहीं दिवस सर्वांनीं एकत्र जमून प्रत्यक्ष काम करावें अशी योजना होती. पुढें त्याच विद्यापीठानें खडकांचे पातळ काप संगणकाच्या पडद्यावर फिरवून पाहण्याची सोय सर्वांकरितां विनामूल्य खुली केली. असा काप एक मिलिमीटरच्या तीन-शतांश जाडीचा असतो, म्हणजे त्यांतून उजेड आरपार जातो. आमच्या मतें या साऱ्या कथेंत महत्त्वाची गोष्ट ती पेटी आहे. दगड घरीं आला, म्हणून शास्त्र घरीं आलें.

आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालीं व नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं स्थापन झालें. पैकीं पहिल्यांत भूगोल व भू-माहितीशास्त्र या विषयांच्या एम. एस्सी. पदव्या दूरशिक्षणानें घेतां येतात. दोन वर्षांचा हा क्रम चार वर्षांपर्यंत लांबवितां येतो. ही सवलत सुगीच्या दिवसांत पुस्तक मिटून ठेवणाऱ्यास फार मोलाची आहे. पाठ्यपुस्तकें विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोशावर कोणासही फुकट वाचतां येतात. तेव्हां शुल्क भरण्यापूर्वीं महिनाभर तीं वाचून पाहावीं, म्हणजे आपला जीव त्यांत रमतो कीं नाहीं हें कळेल.

पदवी कागदी कीं खरी, याचें उत्तर असें. विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणें, मान्यता असलेल्या संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नेहमींच्या पदवीच्या बरोबरीची आहे. सप्टेंबर २०२२ मध्यें आयोगानें तें पुन्हा जाहीरही केलें. मात्र मान्यता त्या विद्यापीठास, त्या विषयास व त्या वर्षास आहे कीं नाहीं, हें आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादींत स्वतः पाहावें. जाहिरातीवर किंवा दलालाच्या शब्दावर विसंबूं नये. तालुक्याच्या गांवीं 'प्रवेश चालू' अशी पाटी लागली म्हणजे विद्यापीठ आलें असें नव्हे. खुद्द शेतकीची पदवी दूरशिक्षणानें देऊं नये असें आयोगानें २०१९ सालीं ठरविलें, कारण तो विषय प्रात्यक्षिकाचा. याचा विसर पडूं देऊं नये.

एक गोष्ट पत्रलेखकांस स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ मुलें येथेंच फसतात. भूगोल वा भू-माहितीशास्त्र आणि भूशास्त्र या शेजारच्या वाड्या आहेत, एकच घर नव्हे. केंद्र सरकारच्या भूवैज्ञानिकाच्या जागेसाठीं जी परीक्षा होते तिला भूशास्त्राचीच किंवा तत्सम उच्च पदवी लागते. भूगोलाची चालत नाहीं. ज्यास त्या नोकरीकडे जावयाचें असेल त्यानें बाग वाट्यानें देऊन दोन वर्षें महाविद्यालयांतच काढावीं, असें आमचें मत आहे. पण या चिरंजीवांस नोकरी नको, आपल्याच शिवाराचें पाणी व माती समजून घ्यावयाची आहे असें पत्रावरून दिसतें. त्यांस घरबसल्याचा मार्ग पुरेसा होईल. प्रात्यक्षिकांच्या दिवसांपुरती बागेची व्यवस्था मात्र आधींच करून ठेवावी.

शिवाय आज घरीं बसून मिळणारें साहित्यही थोडें नाहीं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे 'भूकोश' या स्थळावर, इस्रोचीं उपग्रहचित्रें 'भुवन'वर पाहतां येतात. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पाणीपातळी वर्षांतून चार वेळां मोजते. पण पेटी मात्र कोणी पाठविणार नाहीं. ती स्वतः भरली पाहिजे. विहिरीचें काम निघेल तेव्हां दर पांच फुटांवरचा एकेक दगड काढून त्यावर खोली लिहून ठेवावी, आणि ओढ्यांतील, डोंगराच्या पायथ्याचे व माथ्याचे दगड त्यांशेजारीं मांडावे.

पत्रलेखकांच्या मळ्यांत यंदा जुनी विहीर खोल करण्याचें काम निघालें आहे. चिरंजीवांनीं तिच्या थरांची उतरंड कागदावर काढून आमच्याकडे पाठवावी; त्यांचा प्रवेश होवो न होवो, ती आम्ही या मासिकांत छापूं.