पेट्रोल की डिझेल? आधी किलोमीटर मोजा

आमचे भाईजान एकोणीस वर्षे कुवेतला आहेत. गेल्या वर्षी ईद करायला घरी आले, तेव्हा त्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली. "अब्बांसाठी गाडी घ्यायची. मोठी, आरामाची. पैशाचा विचार करू नका."

अब्बांचे डायलिसिस सुरू होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना आमच्या गावातून तेरा किलोमीटरवर चिपळूणला न्यावे लागते. जाताना ते बोलत बसतात. येताना मात्र अंगात त्राण नसते, मान मागे टाकून डोळे मिटून पडतात. आमच्या जुन्या छोट्या गाडीत त्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकत आणि प्रत्येक खड्ड्याला तोंडातून "या अल्लाह" निघे. त्यामुळे गाडी हवी, यावर घरात दुमत नव्हते.

अम्मींनी तेवढी शंका काढली. "एवढी मोठी गाडी म्हणजे फिजूलखर्ची नाही का?" भाईजानांनी समजावले, की नवी छोटी एसयूव्ही ज्या किमतीत मिळते, त्याच किमतीत सात-आठ वर्षे वापरलेली आलिशान सेदान मिळते. कर्ज काढायचे नाही, साठवलेल्या पैशातून रोख घ्यायची. अम्मी गप्प झाल्या. आम्ही मात्र कामाला लागलो, कारण चौकशीची जबाबदारी आमच्यावर आली होती. शाळेत मुलांना गणित शिकवणाऱ्यावर घरातला हिशेब नेहमीच येतो.

तीन गाड्या

महिनाभरात तीन गाड्या समोर आल्या. मुंबईत २०१८ ची पेट्रोल गाडी, १४ लाखांना. पुण्यात त्याच कंपनीची, त्याच वर्षाची डिझेल गाडी, साडेपंधरा लाखांना. आणि एका दलालाने दाखवलेली दिल्लीची २०१६ ची डिझेल गाडी, अवघ्या ११ लाखांना. कंपनीचे नाव लिहीत नाही. तिन्ही जर्मन बनावटीच्या होत्या, एवढे पुरे.

भाईजानांचा कल पेट्रोलकडे होता. आखातात घरगुती गाडी म्हणजे पेट्रोलचीच, डिझेल ट्रकसाठी. पण आमचे मामू हापूसचे व्यापारी. ते म्हणाले, "डिझेलशिवाय दुसरं काही घेऊ नका. कशेडी चढताना कळतं गाडी काय चीज आहे ते." मामूंचे म्हणणे खोटे नाही. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९० च्या दशकात हे इंजिन घडवले, त्याचेच नाव इंधनाला मिळाले. जास्त दाबामुळे ते इंधनातून अधिक काम काढून घेते. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही थोडी जास्त असते. म्हणून मायलेज जास्त आणि घाटात कमी फेऱ्यांवरही ओढ जबरदस्त.

पण मामूंच्या मनात जो हिशेब पक्का बसला आहे, तो जुन्या काळाचा आहे. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले होते आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! तेव्हा डिझेलची किंमत सरकार ठरवत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते नियंत्रण उठले आणि फरक कमी होत गेला. आता आपल्याकडे तो साधारण १३-१४ रुपयांचा आहे.

फळ्यावरचा हिशेब

एका रविवारी आम्ही अंगणातल्या भिंतीवर खडूने हिशेब मांडला. तोंडी चर्चा रात्रभर चालते, आकडे मांडले की दहा मिनिटांत संपते. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरले. गावातल्या छोट्या फेऱ्यांत एवढी जड पेट्रोल गाडी लिटरला १० किलोमीटर देईल आणि डिझेल गाडी १४, असे धरले.

वर्षाला ६,००० किलोमीटर चालली तर पेट्रोलचा खर्च ६२,४००, डिझेलचा ३९,०००. बचत २३,४०० रुपयांची. पण पुण्याची डिझेल गाडी दीड लाखाने महाग. ते दीड लाख वसूल व्हायला सहा वर्षांहून जास्त लागतील. तोवर गाडी चौदा वर्षांची झालेली असेल.

आता तीच गाडी मामूंसारखी वर्षाला २४,००० किलोमीटर पळाली तर? बचत ९३,६०० रुपयांची. दीड लाख एकोणीस महिन्यांत वसूल. गाड्या त्याच, दरही तेच, तरी उत्तर उलटे. म्हणजे "पेट्रोल की डिझेल" हा प्रश्नच अपुरा आहे. त्याआधीचा प्रश्न असा, की वर्षाला किती किलोमीटर, आणि कसले किलोमीटर?

आम्ही खडू हातात धरून भाईजानांना विचारले, "तुम्हीच सांगा, वर्षाला किती चालेल?"

भाईजान काही बोलले नाहीत. भिंतीकडे पाहत राहिले.

कसले किलोमीटर?

किलोमीटर कसले, हे आम्हाला चिपळूणच्या मिस्त्रीचाचांनी शिकवले. चाळीस वर्षे गाड्यांखाली झोपून काम केलेला माणूस. त्यांनी पहिला प्रश्न केला, "रोज एका वेळी किती लांब जाणार?" तेरा किलोमीटर म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "मग डिझेल नको, बेटा."

कारण असे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. त्यासाठी डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. परदेशी बनावटीच्या काही महागड्या गाड्यांत ती त्याआधीही असे आणि पुण्याच्या गाडीत ती होती. धुरातली काजळी या गाळणीत अडकते. गाळणी भरत आली की गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी सुमारे ६०० अंशांची उष्णता लागते. ती मिळते महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे सलग, एका वेगाने गाडी चालली तर. गाव ते दवाखाना, दवाखाना ते बाजार अशा फेऱ्यांत इंजिन नीट तापायच्या आत बंद होते. जाळण्याचे काम अर्धवट राहते, काजळी साचत जाते, कधी त्यासाठी सोडलेले जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि पुढचा खर्च लाखाच्या भाषेत बोलू लागतो.

चाचांचे एक वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवले. "गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही." पन्नास लाखांची गाडी पंधरा लाखांत मिळाली, तरी तिचा इंजेक्टर, टर्बो, गिअरबॉक्स पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो. डिझेलचे इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप हे फार नाजूक काम. त्यातला एक मोठा खर्च निघाला, की दोन-तीन वर्षांची इंधनाची बचत एका बिलात जाते.

मग पेट्रोल निर्दोष आहे का? तेही नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर काळजी घ्यावी लागते. अलीकडच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, प्लग आणि कॉइल बदलावे लागतात. पण हे खर्च बहुधा हजारांत मोजायचे असतात.

दिल्लीची स्वस्त गाडी

अकरा लाखांच्या गाडीचा मोह आम्हालाही झाला. ती स्वस्त का, ते समजून घेतले तेव्हा मोह उतरला. दिल्ली आणि भोवतालच्या भागात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवू नयेत, असा आदेश हरित लवादाने दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबवायला सांगितली. पण मधल्या वर्षांत दहाच्या जवळ आलेल्या डिझेल गाड्या तिकडून पडेल भावाने बाहेर जात राहिल्या. महाराष्ट्रात तो दहा वर्षांचा नियम नाही, म्हणून त्या इकडे येतात. मात्र त्यासाठी तिकडची एनओसी हवी, इथे नव्याने नोंदणी हवी आणि इथला वाहन कर पुन्हा भरावा लागतो. आमच्या राज्यात डिझेलला हा कर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. दलालाने यातले काहीच सांगितले नव्हते. अब्बा उमेदीत असताना लाकडाचा व्यापार करत. ते नेहमी म्हणत, "माल विकताना त्यातला ऐब आधी सांगावा." दलालाने तो सांगितला नाही, हेच आम्हाला नकार द्यायला पुरेसे झाले.

आणखी एक भीती आम्हा चिपळूणकरांना सांगावी लागत नाही. २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर आम्ही पाहिला आहे. किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या, त्याची मोजदाद नाही. बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकली जाऊ शकते. म्हणून चाचांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहायला शिकवले, कारण चिखलाची रेघ तिथे लपून राहते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, गालिच्याखाली ओल, बंद गाडीत कुबट वास, हेही पाहावे. गाडी नेहमी सकाळी थंड असताना सुरू करून घ्यावी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही, आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता. अधिकृत सर्व्हिस सेंटरवर चेसिस नंबर देऊन सर्व्हिसचा इतिहास काढावा. मीटरवरचा आकडा आणि इतिहासातला आकडा जुळला पाहिजे. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलान बाकी आहे का, हे पैसे देण्याआधी तपासावे, आणि विमाही आपल्या नावावर लगेच करून घ्यावा.

भिंतीवरचा आकडा

भाईजानांनी उत्तर दिले ते चार दिवसांनी, इशाच्या नमाजानंतर. आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. म्हणाले, "कंपनीनं आणखी दोन वर्षं बोलावलंय. अजून कोणाला सांगितलं नाही."

मग आम्हाला कळले, की भिंतीवरच्या त्या प्रश्नाला ते का थांबले. ते इथे राहिले असते, ठरवलेला व्यवसाय सुरू केला असता, तर गाडी मुंबई-रत्नागिरी पळाली असती. वर्षाला वीस हजार सहज. मग मामूंचे म्हणणे बरोबर ठरले असते. ते परत जाणार असतील, तर गाडी पुतण्या चालवणार, आठवड्यातून दोनदा, तेरा किलोमीटर जायला आणि तेरा यायला. किलोमीटर सांगणे म्हणजे आपण घरात राहणार की नाही, ते सांगणे होते.

आम्ही म्हणालो, "अम्मींना तुम्हीच सांगा. गाडीचं आम्ही बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले. अम्मी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून चहा ठेवला. अब्बा म्हणाले, "दोनच वर्षं ना? इन्शाअल्लाह, बघू."

आम्ही मुंबईची पेट्रोल गाडी घेतली. सव्वातेरा लाखांना ठरली. वाचलेले पंचाहत्तर हजार आणि वर आणखी थोडे असे दीड लाख गाडीच्या नावाने बाजूला ठेवले. ज्यांना जुनी आलिशान गाडी घ्यायची आहे, त्यांना आमचा हाच मशवरा आहे. वर्षाला बारा-पंधरा हजारांच्या आत आणि बहुतेक छोट्या फेऱ्या असतील, तर पेट्रोल. वीस हजारांपुढे आणि बहुतेक महामार्ग असेल, तर डिझेल खुशाल घ्या. पण दोन्हीत, दुरुस्तीसाठी किमतीच्या दहावा हिस्सा तरी हातात नसेल, तर ती गाडी घेऊ नका. आणि किलोमीटर मोजताना स्वतःशी खरे बोला. गाडी घेण्याच्या आनंदात माणूस जितके फिरणार म्हणतो, त्याच्या निम्मेही फिरत नाही.

गाडीला वर्ष झाले. पुतण्या सोमवार-गुरुवार न चुकता चालवतो. अब्बा मागच्या सीटवर पाय लांब करून झोपतात, घर आले तरी कधी उठत नाहीत. मग आम्ही त्यांना पाच मिनिटे तसेच राहू देतो. भाईजान जुम्याच्या दिवशी फोन करतात. अब्बांची तब्येत, अम्मींचे गुडघे विचारून झाले, की शेवटी विचारतात, "मीटर किती झालं?"

गेल्या जुम्याला आम्ही सांगितले. वर्षात ६,३४० किलोमीटर. ते हसले. "तुमचा हिशेब जवळपास बरोबर आला." मग थोडे थांबून म्हणाले, "आता एकच वर्ष राहिलं."